पेनबेरी पाद्र्याची चारशे पावले

चाकणहून परतल्यापासून माझ्या या प्रवासाच्या दोन आवृत्त्या साताऱ्यात फिरत आहेत. पहिलीप्रमाणे, मला एका कंपनीच्या पहारेकऱ्यांनी भिंतीवरून उडी मारताना पकडले. दुसरीप्रमाणे, मी एका देवाचा शेंदूर खरवडला आणि गावकऱ्यांचे पाय धरून सुटलो. पहिली आवृत्ती माझे बालमित्र कांबळे यांनी दूरध्वनीवरून पसरवली. दुसरी कोणी पसरवली हे मला पक्के ठाऊक आहे. परंतु त्यांचे नाव लिहून त्यांची प्रसिद्धी वाढवण्याची माझी इच्छा नाही. शहात्तराव्या वर्षी मी भिंतीवरून उडी मारत नाही. शेंदराला मी नख लावले नाही. विचार केला, एवढे कबूल करतो. जे प्रत्यक्ष घडले ते पुढे देत आहे.

आधी रेव्हरंड सायलस पेनबेरी यांच्याविषयी. हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पाद्री पुण्याच्या छावणीत गोऱ्या शिपायांना उपदेश करण्यासाठी आला. तो बोलू लागला की शिपाई झोपत, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. एवढ्या वर्षांत त्याने एकाही माणसाला बाटवले नाही. उलट खेडच्या एका लोहाराने त्यालाच पुनर्जन्म जवळजवळ पटवला होता. त्याचा खरा धर्म जुने दगड हा होता. तंबू, बैलगाडी आणि वही घेऊन तो खेड-चाकणच्या मुलखात वीरगळ शोधत हिंडला. वीरगळ म्हणजे गावाच्या गाईगुरांसाठी लढून मेलेल्या माणसाची स्मारकशिला: खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि गाई, मधल्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर. या दगडांवर पेनबेरीने एक ग्रंथ लिहिला, मायदेशी परतला, एका खेड्यातल्या चर्चचा प्रमुख झाला, आणि उरलेले आयुष्य आपल्या चर्चची घंटा शेजारच्या चर्चच्या घंटेहून जुनी आहे हे सिद्ध करण्यात घालवले. शेजारच्या पाद्र्याला लिहिलेले त्याचे शेवटचे पत्र अर्धवट राहिले. वाक्याच्या मध्येच तो वारला. असा मनुष्य मला आवडणारच.

मी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. आमच्या दप्तरखान्यात एका डगमगत्या कपाटाच्या पायाखाली हा ग्रंथ मला सापडला. कपाटाखाली वीट सरकवून मी तो बाहेर काढला आणि तीस वर्षे त्याचे मराठी भाषांतर केले. ते येत्या सोमवारी छापखान्यात जायचे होते. तेवढ्यात वर ज्यांचे नाव टाळले त्याच विद्वानांनी एका व्याख्यानात जाहीर केले की पेनबेरी पुण्याच्या बंगल्याचा व्हरांडा सोडून कधी हललाच नाही. सारे ऐकीव आहे. पुरावा काय, तर निघोजे गावचा वीरगळ. पेनबेरी लिहितो की गावच्या पायविहिरीपासून मावळतीला सरळ चारशे पावलांवर वीरगळ आहे आणि त्यावर गाईच्या पायाशी एक कुत्रे बसले आहे. विद्वानांच्या मते चारशे पावलांवर दगड नाही. आणि असे कुत्रे त्यांनी पाहिलेल्या एकाही वीरगळावर नसल्याने ते कुत्राप्रेमी इंग्रजाच्या डोक्यातून आलेले आहे.

माझ्या अठरा पानी प्रस्तावनेचे शीर्षक होते: ‘पेनबेरी चालला होता.’ विद्वान खरे असतील, तर मी तीस वर्षे एका थापाड्याचे भाषांतर केले असा त्याचा अर्थ होत होता. सोमवारच्या आत निकाल लागणे आवश्यक होते. बुधवारी मी पिशवी भरली.

पिंपरी, गुरुवार

कांबळे आणि मी साताऱ्याच्या एकाच शाळेत एका बाकावर बसत असू. तो पुढे पिंपरीच्या एका कारखान्यात लागला आणि तयार झालेला प्रत्येक भाग गेजमध्ये घालून बरोबर की चूक ते ठरवण्याचे काम त्याने पस्तीस वर्षे केले. आता नवव्या मजल्यावर राहतो. निवृत्त होऊन त्याला पंधरा वर्षे झाली, परंतु घर अद्याप फर्स्ट शिफ्टवर चालते. पहाटे पाचला उठणे, सव्वापाचला चहा, आणि सकाळी अकराला जेवण. साताऱ्यात अकरा वाजता आम्ही दुसऱ्या चहाचा विचार करत असतो. येथे अकराला माझ्यापुढे वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आला.

“अजून भूक नाही, वहिनी,” मी म्हणालो.

“भूक लागायची वाट बघत बसलात तर कॅन्टीन बंद होतं,” वहिनी म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. “चाळीस वर्षं हेच ऐकतेय मी ह्यांच्याकडून.”

कांबळेला मी सारा वाद सांगितला. त्याने ठेच्याचे बोट चाटत तो ऐकला.

“म्हणजे एक म्हणतो साहेब चालला, दुसरा म्हणतो बसला. दोघांतल्या कुणी टेप लावलाय का?”

“मी लावणार आहे. म्हणून तर आलो.”

“आणि तुझ्या विरुद्ध निघालं तर?”

“निघणार नाही.”

“आप्पा, आमच्याकडं सुपरवायझर असंच म्हणायचे. मग लॉटच्या लॉट स्क्रॅपला जायचा.”

त्याची मुलगी सुजाता हिंजवडीला संगणक कंपनीत आहे. ती कंपनीच्या गाडीने सायंकाळी सहाला निघाली आणि नऊला घरी पोहोचली. अंतर विचारले तर म्हणाली, “काका, इथे अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत.” मोजणी खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाक्य लागले.

चाकण, शुक्रवार

पेनबेरीने लिहिले आहे की इंद्रायणी ओलांडून चाकणला पोहोचण्यास त्याच्या बैलांना अर्धा दिवस लागला आणि दोष बैलांच्या स्वभावाचा होता. आम्ही कांबळेच्या मोटारीने निघालो आणि आम्हालाही तितकाच वेळ लागला. आमच्या पुढे नव्या मोटारी वाहून नेणारा एक लांबलचक ट्रेलर होता. ज्या मोटारी कधीच चालल्या नव्हत्या त्या आमच्या चालणाऱ्या मोटारीच्या पुढे होत्या, याकडे मी कांबळेचे लक्ष वेधले. तो म्हणाला, “गप बस, मला क्लच सांभाळू दे.”

चाकणला मी हेतुपुरस्सर थांबलो. कोणाच्या पावलांवर वाद घालण्यापूर्वी त्याचे पाऊल किती फुटांचे हे ठरवणे ही मोजणीतील पहिली पायरी आहे. व्याख्यात्यांना ती ठाऊक नसते. येथल्या भुईकोट किल्ल्याच्या तटाचा एक तुकडा, एका बुरुजापासून दुसऱ्यापर्यंत, पेनबेरीने स्वतःच्या पावलांनी मोजला होता: एकशे वीस. आम्ही टेप धरला. बाभळीच्या काट्यांत कांबळेचा सदरा फाटला आणि माझी टोपी एका शेळीने काही काळ नेली. माप तीनशे तीस फूट आले. म्हणजे पेनबेरीचे पाऊल पावणेतीन फूट. हे माझ्या अपेक्षेप्रमाणेच होते, कारण तो ताडमाड उंच होता. प्रत्येक देवळाच्या चौकटीला त्याने डोके आपटले आहे आणि प्रत्येक वेळी ते लिहून ठेवले आहे.

“येथे तरी तो आला होता,” मी म्हणालो. “व्हरांड्यात बसून तट मोजता येत नाही.”

“इथं आला. ओके,” कांबळे म्हणाला. “निघोजं बाकी आहे.”

दुपारी एका खाणावळीत मासवडी खाल्ली. बेसनाच्या उकडीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून केलेल्या या वड्या झणझणीत रश्श्यात बुडवून बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. मासवडीचा उगम अमुक तालुक्यात झाला असे खाणावळवाला सांगू लागला. मला त्याचे म्हणणे मान्य नव्हते; परंतु रस्सा असा होता की मी मतभेद गिळला. असे माझ्या हातून क्वचित होते.

निघोजे, शनिवार

शनिवारी सुजाताने गाडी चालवली. पायविहीर शोधायला कष्ट पडले नाहीत. ती आता ट्रक उभे करण्याच्या मैदानाच्या कडेला आहे आणि तिच्यावर लोखंडी जाळी बसवली आहे. पायऱ्या जागच्या जागी होत्या. मी गणित मांडले: चारशे पावले गुणिले पावणेतीन, अकराशे फूट. कंपासाने मावळत धरली, सुजाताने टेपचे टोक धरले आणि आम्ही चालू लागलो. नऊशे फुटांच्या सुमारास समोर एका कंपनीची आवारभिंत आली. भिंतीला तेथे कारण नसताना एक खाच होती, आणि खाचेत, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, एक शेंदऱ्या देव बसलेला होता: गोल, गुळगुळीत, डेऱ्याएवढा. मी त्याला नमस्कार करून पुढे पाहिले. तीन चौकटींची शिळा शोधणाऱ्याने शेंदराच्या गोळ्याकडे थांबण्याचे कारण नव्हते. आमची रेषा भिंतीच्या आत शिरत होती. म्हणून आम्ही वळसा घालून फाटकावर गेलो.

पहारेकरी लातूरकडचा होता. त्याने वही उघडली.

“कुणाला भेटायचंय, बाबा?”

“रेव्हरंड पेनबेरी यांच्यासंबंधी काम आहे.”

“कोणत्या डिपार्टमेंटला हायत?”

“ते वारले.”

त्याने पेन थांबवले. “कंपनीत वारले का बाहेर?”

“इंग्लंडात. फार पूर्वी.”

“मग ‘भेटण्याचे कारण’ ह्या रकान्यात काय लिहू?”

कांबळेने पुढे होऊन आपले जुने ओळखपत्र दाखवले आणि आम्ही आवाराचे माप पडताळायला आलो आहोत असे सांगितले. हे असत्य नव्हते. पहारेकऱ्याने आम्हाला पिवळ्या टोप्या घातल्या आणि सोबत एक माणूस दिला. भिंतीवरून उडी मारल्याच्या कथेचे मूळ एवढेच: आत गेल्यावर रेषा जुळवण्यासाठी मी भिंतीजवळच्या ओट्यावर चढलो होतो.

अकराशे फूट जेथे संपले तेथे कंपनीच्या कॅन्टीनची भांडी घासण्याची मोरी होती. खरकट्या ताटांचा ढीग, नळ, आणि भात धुतलेल्या पाण्याचा ओहोळ. मी त्या मोरीकडे बराच वेळ पाहिले. दगड नव्हता. असता तर भिंत बांधताना कोणाच्या तरी नजरेस पडला असता, असे सोबतचा माणूस म्हणाला आणि त्याचे म्हणणे बरोबर होते.

“काका, दुसरीकडे बघू या का?” सुजाताने हळूच विचारले.

“मावळत एकच असते,” मी म्हणालो. सोमवारचा छापखाना माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि ते विद्वान व्याख्यानानंतर शाल पांघरताना दिसत होते.

बाहेर आलो तेव्हा शेंदऱ्या देवापाशी एक ठेंगणासा गृहस्थ बुलेट उभी करून उदबत्ती लावत होता. गळ्यात जाड साखळी, कानाला मोबाइल. ते संपतराव, त्यांच्या पूर्वजांची शेती कंपन्यांत गेली, आता त्यांच्या तीन बसगाड्या कामगारांची ने-आण करतात. मी देवाचे नाव विचारले.

“ह्यो आमचा वीरबाप्पा. जमीन दिली तवा कंपनीला सांगितलं, बाप्पा हलायचा न्हाई. म्हून भिंत वाकडी केली.”

वीर हा शब्द ऐकून मी देवाकडे पुन्हा वळलो. “आत दगड कसा आहे? चौकटी आहेत?”

“हायत की. मी दहा-बारा वर्साचा आसंन, तवा खोळ सुटली व्हती. खाली वीर पडलाय, गाय हाय. मधी मारामारी. वर पिंड.” त्यांनी उदबत्ती खोचली. “आन गाईच्या पायापाशी कुत्रं बसलंय.”

कांबळेने माझा दंड धरला, नाहीतर मी उदबत्तीवर बसलो असतो.

खोळ म्हणजे काय ते येथे सांगितले पाहिजे. देवाला दर अमावास्येला तेल-शेंदूर लावतात. थरावर थर चढत जातात. पन्नास-साठ वर्षांनी केव्हातरी ते कवच आपोआप तडकते आणि एकसंध गळून पडते. त्याला खोळ सोडणे म्हणतात. मग वाजतगाजत ते नदीत सोडतात आणि नवा शेंदूर चढतो. खोळ देव सोडतो; माणसाने सोडवायची नसते.

हे मला माहीत होते. तरीही मी म्हणालो, “बाजूने, अगदी खाली, बोटभर जागा जर मोकळी केली…”

संपतरावांनी फोन खिशात ठेवला. “काका, तुमच्या वडलांच्या आंगातला सदरा उचलून बघाल का, आत काय हाय म्हून?”

मी विषय सोडला. हीच ती खरवडण्याची घटना. ज्यांना ती अन्यत्र पुरवायची असेल त्यांनी पुरवावी.

मात्र एक कोडे उरले होते. दगड सापडला, कुत्रे सापडले; परंतु अंतर नऊशे फूट. पावणेतीन फुटी पावलांनी ते तीनशे सत्तावीस पावलांत संपते. चाकणला बिनचूक मोजणारा माणूस येथे पाऊणशे पावले कशी चुकला?

“साहेब मोजाया गेलाच न्हाई,” संपतराव म्हणाले.

“तुम्हाला काय ठाऊक?”

“आमच्या घरात सांगत्यात. गोरा पाद्री आला, हिरीजवळ तंबू ठोकला. गावानं हुरडा दिला, लसणाची चटणी दिली. त्यानं दोन पाट्या हुरडा एकट्यानं खाल्ला. मग तीन दिस तंबू आन वढा, तंबू आन वढा. त्याच साली खोळ सुटलेली. आमचा धोंडीबा, माझ्या पणज्याचा बाप, त्यो पावलं मोजून आला, दगडाव काय काय हाय ते बघून आला, आन त्यानं सांगितलं तसं साहेबानं लिवलं.”

मी हसलो. प्रत्येक गावात साहेबाला शहाणे करणारा एक पूर्वज असतो. मोजणीच्या दौऱ्यांत मी असे चाळीस तरी ऐकले आहेत, आणि संपतरावांना तसे स्पष्ट सांगितले.

“बरं,” संपतराव म्हणाले. “आसंल तसं.”

त्या ‘आसंल तसं’मध्ये राग नव्हता, आणि मला तेच टोचले. शिवाय एक जुनी खुपणारी गोष्ट आठवू लागली. निघोज्याच्या वर्णनाआधी पेनबेरीने तंबूच्या कापडावर तीन पाने लिहिली आहेत: वीण, शिवण, दुपारचा प्रकाश आतून कसा दिसतो, कनातीवर मुंगी किती वेळात चढते. तीस वर्षांपूर्वी मी ती भाषांतरित केली आणि प्रस्तावनेत ‘लेखकाची वस्त्रविद्येतील सूक्ष्म गोडी’ असे त्यांचे कौतुक केले. आता ती पाने मला वेगळी दिसू लागली. आडवा पडलेला माणूसच मुंगी एवढी पाहतो.

“नऊशे भागिले चारशे,” कांबळे पुटपुटत होता. “सव्वादोन फूट. आप्पा, हे पाऊल बुटक्या माणसाचं आहे.” आणि त्याने संपतरावांकडे नखशिखान्त पाहिले. त्याला वेळ लागला नाही.

“धोंडीबा उंचीला कसे होते?” मी विचारले.

“आमी समदे असेच,” संपतराव म्हणाले. “लगनात मुलीकडच्यांनी आमाला पयलं हेच इचारलंय, पिढ्यान्‌पिढ्या.”

“चालून दाखवाल? चारशे पावले.”

“चला, ही हीर, ह्यो बाप्पा.”

“बाप्पाकडे नाही,” मी म्हणालो. “दगड कोठे आहे हे तुम्हाला माहीत आहे; पाऊल आपोआप जुळवले जाईल. विहिरीपासून उगवतीला चालायचे. रोजच्यासारखे. पाहिजे तर फोनवर बोलत.”

येथे वाचकांनी नोंद घ्यावी की माप माझ्या विरुद्ध जाणार हे दिसत असताना ते कडक मीच केले. व्याख्यानात हे कोणी सांगणार नाही.

दुपारची शिफ्ट बदलत होती. बसमधून उतरलेले आणि बसमध्ये चढणारे कामगार आपल्या बसचे मालक फोन कानाला लावून एका म्हाताऱ्याच्या पुढे सरळ रेषेत चालत आहेत हे पाहून थांबले. मी मोठ्याने मोजत होतो. शंभरानंतर सात-आठ जण माझ्याबरोबर मोजू लागले. दोनशेला एकजण विचारू लागला, “राव, पैज लागली का?” तीनशेला सारे मैदान मोजत होते, मराठी आणि हिंदी दोन्हींत, आणि संपतराव फोनवर कोणा ड्रायव्हरला टायरवरून झापत निवांत चालले होते. चारशेला मी हात वर केला. ते थांबले; झापणे चालूच होते.

सुजाताने टेपचे टोक विहिरीच्या पायरीवर दाबले. शंभर-शंभर फुटांनी टेप पुढे सरकवत शेवटी संपतरावांच्या टाचेशी तो कांबळेने धरला. त्याने चष्मा वर केला, आकडा दोनदा वाचला.

“आठशे सत्त्याण्णव.”

“पुन्हा धर,” मी म्हणालो.

त्याने पुन्हा धरला. मग मी स्वतः धरला. मग फिरवून धरला.

“पार्ट ओके, आप्पा,” कांबळे म्हणाला.

“शरीराची ठेवण इतक्या पिढ्या उतरते असे शास्त्र नाही,” मी म्हणालो.

“तुझं भांडण तुझ्या बापाचं आहे, आणि त्याचं त्याच्या बापाचं. अख्ख्या साताऱ्याला माहीत आहे.”

संपतरावांचा फोन संपला. त्यांनी जमलेली गर्दी पाहिली, माझा चेहरा पाहिला आणि विचारले, “काय निगालं, काका?”

मी म्हणालो, “साहेब खरेच चालला नव्हता. तुमचे धोंडीबा चालले होते.”

“मग त्येच तर सांगत व्हतो,” ते म्हणाले, आणि आम्हा सर्वांना चहा पाजायला घेऊन गेले. चहा पिताना मी धोंडीबांचे पूर्ण नाव विचारून घेतले. धोंडीबांच्या वडिलांचे नाव सांगताना संपतराव अडले, त्यांनी चुलत्याला फोन लावला, चुलत्याने आणखी कोणाला विचारले, आणि अर्ध्या तासाने नाव आले: धोंडीबा राणोजी.

सातारा, सोमवार

छापखान्यात जाण्यापूर्वी मी अठरा पानांची प्रस्तावना फाडली. नवी अडीच पानांची आहे. मूळ मजकुराला मात्र मी हात लावला नाही. पेनबेरी लिहितो, ‘मी चारशे पावले मोजली’, आणि माझ्या भाषांतरातही तसेच राहिले; मूळ लेखकाची थाप दुरुस्त करण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही, हे मी आयुष्यभर इतरांना ऐकवत आलो आहे. त्या वाक्याच्या शेवटी मी फक्त टिपेच्या खुणेची एक फुली दिली आणि तळाला टीप लिहिली. टिपेत धोंडीबा राणोजी यांचे नाव, त्यांच्या पावलाची लांबी, आठशे सत्त्याण्णव फुटांचे माप, हुरडा, ओढा आणि कुत्रे, सारे आहे. त्या विद्वानांना आता आपण जिंकलो असे वाटेल. त्यांनी टीप वाचावी. त्यांचे म्हणणे होते की हे कोणी पाहिलेच नाही. पाहिले होते. चालत जाऊन पाहिले होते.

मुद्रकाने त्या पानाची छपाई पाहून नाक मुरडले. “वर साहेबाच्या चार ओळी आणि खाली टीपच टीप. पान उलटं दिसतंय. लोक हसतील.”

“हसू द्या,” मी म्हणालो. “वरचा झोपलेला होता. चालणारा खाली आहे.”